पाठकोऱ्या कागदावरचा प्रश्न

मी प्रश्नपेटी बोलतेय. देवळातल्या फंडपेटीशी माझं नातं जोडू नका, माझ्यापुढे कुणी हात जोडत नाही. सुतार रघुनाथ मेस्ताने दार करून उरलेल्या फणसाच्या फळीतून मला बनवलं आणि वर चिठ्ठी जाईल एवढी फट ठेवली.

गोवा राज्य झालं त्याला चार-पाच वर्षं झाली होती. विद्यापीठाने डिचोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत किशोर केंद्र उघडलं. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी तिथे यायचं, खेळायचं, वाचायचं आणि घरी विचारता येत नाही ते नाव न लिहिता माझ्यात टाकायचं. केंद्राच्या विनोदिनी मॅडम शनिवारी मला उघडत, प्रश्न वहीत उतरवून चिठ्ठ्या जाळत आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर उत्तरं देत.

मुलं काहीही विचारत. आवाज का फुटला, पुटकुळ्या कधी जातील, आई दुधाचा पेला भावालाच का देते. मराठी-कोकणीवरून मोठी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, मुलं मात्र एकाच चिठ्ठीत दोन्ही लिहीत. मला त्याची गंमत वाटे.

सुर्ल्याची स्नेहा तेरा वर्षांची होती. तिचे वडील भिकाजी सिंधुदुर्गातून येऊन खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर झालेले. एका गुरुवारी तिने चिठ्ठी टाकली. शनिवारी मॅडमनी ती वाचली: 'मला पाळी आली. बाबा म्हणतात, आता शाळा पुरे, मे महिन्यात गावाला आतेकडे जायचं. मला शिकायचं आहे. कुठे राहून शिकायची सोय आहे का?'

खाणीवरच्या ट्रिपच्या स्लिपा ड्रायव्हरांच्या घरात पडलेल्या असत. मुलं त्या पाठकोऱ्या कागदांवर लिहीत. स्नेहाच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण मागच्या बाजूला ट्रकचा नंबर होता. वसतिगृहांना पत्रं लिहायची म्हणून मॅडमनी ती जाळली नाही, टेबलावर ठेवली. शिपाई महादेवने ती उलटून पाहिली आणि नंबरावरून ट्रक भिकाजीचा हे ओळखलं.

महादेव मनाने वाईट नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागतं. ट्रकांच्या रांगेत भिकाजीला गाठून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "स्नेहाची, तुज्या चलयेची, शाळा बंद करूं नाका. हुशार आसा ती."

सोमवारी भिकाजी केंद्रात आला. आवाज चढवला नाही त्याने, पण मुलीची गोष्ट चारचौघांत गेल्याचं त्याला सलत होतं. "बाई, माझ्या चेडवाची गजाल चार ड्रायव्हरांत झाली. आता तोंड खंय दाखवू?"

"चूक आमची आहे," मॅडम म्हणाल्या. "तिला त्याची शिक्षा देऊ नका."

त्याने मे महिन्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी स्नेहाला गावी पोचवून आला.

आठ दिवसांनी फोंड्याच्या एका वसतिगृहाचं पत्र आलं. जूनपासून जागा देतो म्हणाले. मॅडम ते घेऊन सुर्ल्याला गेल्या. भिकाजीने पत्र हातातही घेतलं नाही, गावाचा पत्ताही दिला नाही. "तिचो विषय आता काढू नकात," एवढंच म्हणाला.

मुलांत बोभाटा झाला की पेटी घरी सांगते. मला राग आला, पण मी सांगणार कुणाला? गौरवी नावाची एक मुलगी चार दिवस घडी केलेला कागद मुठीत घेऊन माझ्यापुढे उभी राहायची आणि तसाच घेऊन जायची. मग तीही यायची बंद झाली. मुलंच नाहीत म्हटल्यावर विद्यापीठाने केंद्र बंद करायचं ठरवलं.

काल मॅडमनी सामान बांधलं. मला कुलूप लावण्याआधी फोंड्याचं ते पत्र त्यांनी माझ्यात ठेवलं. आता मला कुठल्या अडगळीत टाकतील कोण जाणे. माझं काही मागणं नाही. सिंधुदुर्गाकडे कधी गेलात आणि आतेच्या घरी भांडी घासताना स्नेहा दिसली, तर तिला एवढंच सांगा, सोय होती.