ब्रेकमधली हवा

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. रंग उडालेली, दारं कुरकुरणारी आणि खरं सांगायचं तर दमलेली. नवी होते तेव्हा लोक वळून बघायचे. मालक रोज माझ्यावर फडकं फिरवायचे, बारीकसारीक दुरुस्ती दारातच करायचे. ते गेले आणि मी आवारात धूळ खात पडले.

पुन्हा रस्त्यावर आले ती मालकीणबाईंच्या आजारपणामुळे. एक दिवसाआड त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. मुलगा नोकरीसाठी परगावी. त्यामुळे मुलगी गाडी चालवायची आणि सून मागे सासूबाईंना धरून बसायची. जाताना कुणी फारसं बोलत नसे, येताना तर नाहीच. नणंद-भावजयीत भांडण नव्हतं. दोघी नुसत्या थकल्या होत्या; पण एकमेकींना ते रागासारखंच दिसायचं.

अशात माझ्याकडे कोण बघणार? गिअर टाकताना मी करकरायचे. ब्रेकचं पेडल रोज थोडं जास्त खाली जायचं. एका दुपारी हॉस्पिटलसमोरच्या उतारावर ते थेट तळाला टेकलं. मुलीने हँडब्रेक ओढला. समोरच्या हातगाडीला टेकता टेकता मी थांबले. हातगाडीवाल्याने गाडी बाजूला ओढून घेतली.

टेम्पोत घालून मला घरी आणलं. ओळखीचा मेकॅनिक बाहेरगावी गेलेला, आणि डायलिसिसचा दिवस काही कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मुलीने वडिलांची हत्यारं काढली; लहानपणी त्यांच्या हाताखाली ती हे सगळं शिकली होती. क्लचची सैल केबल ओढून घेतली. मागच्या चाकात ब्रेक ऑइल झिरपत होतं, तिथलं रबर बदललं. उरली ब्रेकमध्ये शिरलेली हवा. सून आत बसून पेडल दाबायची, मुलगी चाकापाशी आडवी होऊन हवा बाहेर सोडायला नट सैल करायची. दाब, धर, सोड. ऊन उतरलं, तरी पेडल मऊच.

शेवटी मुलगी म्हणाली, राहू दे, उद्या हळू नेऊ. सून पेडलवरचा पाय काढेना.

"मागे आईंना धरून मी बसते," ती म्हणाली. "असल्या गाडीत मी त्यांना बसवणार नाही."

"मग तूच कर."

"येत असतं तर केलं नसतं का?"

दारातल्या खुर्चीवरून सासूबाईंनी विचारलं, "बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीकडे कोण बघतंय?"

कुणीच बघत नव्हतं. डबी रिकामी झाली होती. जेवढी हवा बाहेर काढावी तेवढी त्या रिकाम्या डबीतून पुन्हा आत जात होती. तिसरं माणूस हवं होतं.

मुलगी नको नको म्हणत असताना सासूबाई भिंतीला धरून आल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. "पाय आहेत ना अजून मला," म्हणाल्या. सून बाटली घेऊन डबीपाशी उभी राहिली. ते सुजलेले पाय माझ्या पेडलवर आले. जोर बेताचाच, पण 'धर' म्हटलं की पाय तसूभर हलत नसे. हळूहळू पेडल घट्ट झालं. मुलीने आवारातच मला पुढे-मागे करून, पुन्हा पुन्हा थांबवून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी परतताना सासूबाई सुनेच्या खांद्यावर झोपल्या होत्या.

"पाठ दुखतेय का गं, वहिनी?" मुलीने विचारलं.

"दुखतेय."

"माझीपण."

बऱ्याच दिवसांनी मी माझ्या आत हसू ऐकलं. दमलेलं, पण हसूच.

मित्रांनो, आम्ही जुन्या गाड्या एकाएकी दगा देत नाही. करकरून, झिरपून, पेडल जरा खाली नेऊन पुष्कळ दिवस सांगत असतो. तुम्ही दमलेले असता, मला कळतं. तरी निघण्याआधी एकदा खाली वाकून बघा.