पट्टा तुटला ते वळण

डोमानं गिअरच्या दांडीमागे टाकलेला दुपट्टा दोन बोटांनी उचलला आणि खाली पाहिलं. तळहाताएवढ्या चौकोनी यंत्राच्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात, बॅटरीचं चित्र होतं. काठोकाठ हिरवं. रात्रभर भिंतीवरच्या बोर्डाला लावून ठेवल्याचं सार्थक झालं म्हणायचं. त्यानं दुपट्टा पुन्हा नीट पसरला.

"काय होय गा ते?" बाजूच्या सीटवर बसता बसता देवाजीनं विचारलं.

"रेडिओ. बिघडला आहे."

"मंग झाकून कायले ठेवला?"

"धूळ जाते त्याच्यात."

देवाजीनं मान हलवली आणि मांडीवरची पिशवी सावरली. पिशवीत बहिणीसाठी लुगडं होतं आणि नव्या धानाचे दोन पायल्या तांदूळ. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आणि बहिणीच्या गावच्या मंडईला भाऊ गेला नाही तर ती वर्षभर बोलून दाखवते. देवाजीची बहीण रुखमिणी करडीला दिलेली. चाळीस वर्षांत देवाजीची ही मंडई चुकली नव्हती, आणि त्यातल्या बहुतेक वेळा त्याला कोंढ्याहून करडीला नेणारा गडी एकच होता. डोमा.

चौतीस वर्षं डोमानं काळी-पिवळी जीप चालवली. बाजाराला जाणाऱ्या बाया, परीक्षेची पोरं, अडलेल्या लेकी, नवरदेव, मयतीचे पाहुणे, सगळे त्याच्या जीपमधून गेले. त्याचा एक नियम होता: डायव्हरनं सवारीला रस्ता विचारायचा नाही. विचारलं की सवारीचा भरवसा गेला. कोणी न विचारता सांगायला लागलं तर तो मागे वळून म्हणायचा, "तुमी चालवता का?" की सगळे गप्प.

आणि त्या डोमाच्या डोक्यातून गेल्या वर्षभरात रस्ते गळायला लागले होते. जुनं सगळं जागच्या जागी होतं, कोणत्या साली कोणत्या नाल्याला पूर आला तेसुद्धा. पण ऐन फाट्यावर गाडी आली की डावं की उजवं तेच सुचत नसे. मागच्या महिन्यात तो पवनीला निघाला आणि थेट भिवापुरात पोचला. मुलगा धर्मेंद्र मोटरसायकल घेऊन शोधत आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "बाबा, आनखी एक डाव असं झालं तं चाबी मी ठेवीन." धर्मेंद्र बोलला की करतो, हे डोमाला ठाऊक होतं. त्यानंच त्याला तसं वाढवलं होतं.

बायको, सुमन, जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्यानंतर सकाळी उठून खिशात घालण्याजोगी एकच गोष्ट त्याच्याकडे उरली होती, ही जुन्या व्हॅनची किल्ली. तीही गेली तर दिवसभर ओसरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना "कुठं चालले गा?" विचारायचं, एवढंच राहणार होतं.

म्हणून त्यानं कपाटातून हे रस्ता दाखवणारं यंत्र काढलं. धर्मेंद्रनं फिरतीच्या नोकरीत असताना बारा-तेरा वर्षांमागे घेतलेलं. फोनमध्ये नकाशे आल्यावर ते बनियनांच्या चळतीखाली गेलं होतं. डोमानं एका बोटानं, तासभर खपून, त्यात करडीचं नाव शोधलं आणि बोलणाऱ्या बाईचा आवाज पार बंद केला. नुसता बाण दिसला तरी पुरे होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अड्याळ जवळ आलं तेव्हा त्यानं पुन्हा दुपट्ट्याचं टोक उचललं. हिरव्याचं लाल झालं होतं, तेही नखाएवढं.

रात्रभर चार्ज केलेली बॅटरी अर्ध्या तासात कशी सरते? मग अड्याळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या कैलाशचं बोलणं त्याला आठवलं. "आजोबा, जुन्या बॅटरीवर जाऊ नोका. भरली म्हनून दाखवते, पन तिच्यात जीव नाई राह्यला. गाडीतली वायर लावूनच चालवा. वायरीतून करंट आला की बाजूले केशरी दिवा लागते. दिवा नाई तं करंट नाई, मंग पडद्यावर काईही दिसो." वायर तर लावलेली होती. दिव्याची जागा मात्र काळी होती.

"चहा घेऊ," डोमा म्हणाला आणि गाडी कडेला घेतली.

कैलाशच्या दुकानाचं शटर खाली होतं. शेजारचा म्हणाला, सासुरवाडीच्या मंडईला गेला. या दिवसांत सगळा जिल्हाच कोणाच्या ना कोणाच्या मंडईत असतो, त्याला कोण काय करणार! देवाजीला चहा सांगायला पाठवून डोमानं लायटरच्या भोकातली पिन काढली, फुंकली, सदऱ्याच्या टोकानं पुसली, फिरवून बसवली. इंजिन चालू केलं. दिवा नाही. मग तो खाली वाकला, गुडघा टेकून स्टिअरिंगखालचं झाकण काढलं आणि बोटांनी चाचपत लायटरचा फ्यूज ओढून उजेडात धरला. आतली तार जळलेली.

इथं मात्र त्याला काही आठवावं लागलं नाही. थंडीचे दिवस, पंखा कोणाला हवा? त्यानं पंख्याचा फ्यूज काढला, दोन्हींवरचा आकडा ताडून पाहिला आणि लायटरच्या जागी दाबला. यंत्राच्या कडेला केशरी ठिपका उमटला.

वर पाहिलं तर देवाजी दोन ग्लास घेऊन उभा.

"हात तं अजून तसेच आहेत गा तुये," देवाजी म्हणाला.

"रेडिओ लागतो का पाह्यत होतो."

"पाह्य ना मंग." देवाजीनं ग्लास पुढे केला.

भंडाऱ्यापर्यंत बाणानं नीट नेलं. बायपासच्या उड्डाणपुलांच्या गुंत्यात कोणता रस्ता कुठं उतरतो ते डोमाला एरवी मुळीच उमगलं नसतं; जुन्या रस्त्यांवर वाढलेल्या माणसाला हे नवं सगळं सारखंच दिसतं. वैनगंगेचा पूल ओलांडला आणि तो सैल होऊन बसला. तेवढ्यात केशरी ठिपका विझला, लागला, पुन्हा विझला. वायर आतून कुठंतरी तुटत आली होती. पिनेजवळ तिला वाकवून अंगठ्यानं दाबून धरलं की दिवा लागायचा, सोडलं की जायचा. डोमा एका हातानं वायर दाबून एका हातानं गाडी चालवू लागला.

वळणावर समोरून धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर आला. पोत्यांवर दोन बाया बसल्या होत्या. डोमाचं लक्ष ठिपक्याकडे होतं. देवाजी ओरडला नाही. त्यानं फक्त स्टिअरिंगला हात लावला, व्हॅन कडेच्या मुरमावर खडखडत गेली आणि ट्रॅक्टर हातभर अंतरावरून निघून गेला.

"दोनी हात वर घे, डोमा," देवाजी हळूच म्हणाला.

डोमानं वायर सोडली. थोड्या वेळानं पडदा काळा झाला. तो झाकायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या शेतांच्या बांध्या आणि त्यांत रचून ठेवलेले धानाचे पुंजणे. आणि मग फाटा आला. डावीकडे एक बोडी, कडेनं शिंगाड्याची पानं पसरलेलं लहानसं तळं. समोर डांबरी रस्ता. उजवीकडे शाळेची लांब भिंत. इथून आपण शंभरदा गेलो आहोत हे डोमाला कळत होतं; कुठून गेलो तेवढंच कळत नव्हतं. आपल्याच घरात अंधारात दिव्याचं बटन सापडू नये तसं त्याला झालं. तो घाबरला. त्यानं गाडी हळू केली, आणखी हळू केली.

देवाजी खिडकीतून बाहेर पाहत हनुवटी खाजवत होता.

"हेच बोडी पाह्य," तो स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. "हिच्यातले शिंगाडे खाऊन रुखमिनीच्या लग्नात अर्ध्या वऱ्हाडाचं पोट बिघडलं होतं. डाव्या अंगानं पाळीवरून बंड्या नेल्या होत्या आपन. बैल पानी पेले इथं."

डोमाला हसू आलं. व्हॅन डावीकडे वळून बोडीच्या पाळीवरून चालू लागली.

देवाजीचं तोंड मग थांबेचना. एरवी तो असा बोलका नव्हता. पुढच्या चौकात मोहाचं झाड आलं, तर त्याला गावचा श्यामराव आठवला. "मोहाले उजव्या हाताले टाकून सरळ चालला होता बिचारा, तं फटफटीचं चाकच निंगालं. सरळ धानात! तरी हँडल नाई सोडलं त्यानं."

"चिखलातून काढलं तवा म्हने, ब्रेक लागत नाई," डोमा म्हणाला, आणि दोघंही खो खो हसले. मोहाचं झाड उजवीकडून मागे गेलं.

डोमाला फार छान वाटत होतं. यंत्राची गरजच काय होती? रस्ता आपोआप पुढे येत होता, जुने दिवस एकेक करून काचेसमोर उभे राहत होते, आणि गाडी कशी बिनचूक चालली होती. त्यानं एक शीळही घातली.

आणखी एक फाटा आला. दोन रस्ते, दोन्ही सारखेच.

"अन् इथं नाई का," देवाजी म्हणाला, "तुया जीपच्या इंजिनाचा पट्टा तुटला. सुमनबाईनं लुगड्याचा काठ फाडून देल्ला, तू तो पट्ट्याच्या जागी बांधला अन् गाडी हाकलली. तुयी लेक रश्मी कडेवर होती तिच्या. या उजव्या वळनावरच."

डोमाचा पाय ब्रेकवर गेला.

पट्टा तुटला होता, खरंच. सुमननं काठ फाडला होता, तोही खरा. जांभळ्या रंगाचा. पण तो तुटला होता नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलातल्या रस्त्यावर, मँगनीजचे ट्रक चालतात त्या बाजूला. लेकीला पाजत ती दगडावर बसली होती आणि "कुठं कुठं नेऊन टाकता मले" म्हणून हसत होती. त्या दिवशी गाडीत देवाजी नव्हताच. ही गोष्ट त्यानं डोमाच्याच तोंडून ऐकलेली होती, पाच-पन्नास वेळा. आणि या रस्त्यानं तर सुमन आयुष्यात कधी आली नव्हती.

डोमानं वळून पाहिलं. देवाजी समोर बघत होता. कपाळावर घाम, नोव्हेंबरच्या थंडीत.

शिंगाडे, बंड्या, श्यामराव, सगळं त्याच्या ध्यानात आलं. देवाजीजवळच्या खऱ्या आठवणी संपल्या होत्या, म्हणून या वळणाची दिशा सांगायला त्यानं डोमाचीच एक उचलून आणली होती. डोमाला राग आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींच्या तळाशी या म्हाताऱ्याबद्दल इतकी माया दाटून आली की त्याला रस्ता नीट दिसेना.

"इथंच," तो म्हणाला. "याद आहे ना."

त्यानं गाडी उजवीकडे वळवली. दहा मिनिटांत करडी आली.

मंडईचे भोंगे वाजत होते. रुखमिणी दारातूनच ओरडली, "आले गा बाप्पा! डोमाभाऊ, पाय धुवा आधी." ती पाणी आणायला आत गेली आणि देवाजीचा फोन वाजला.

"हो धर्मू, पोचलो... नाई रे, कुठंच चुकला नाई. तू ध्यान ठेवाले सांगतलं होतं ना, ठेवलं मी. एका मानसाले नाई विचारलं त्यानं. डोळे मिटून आनलं तुया बापानं."

डोमा बोनेटला टेकून उभा होता. किल्ली त्याच्या मुठीत होती. गप्प राहिलं तर ती तिथंच राहणार होती, उद्याही, परवाही. पण पोत्यांवर बसलेल्या त्या दोन बाया त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या. एकीनं भीतीनं दुसरीचा दंड धरला होता.

"आन इकडे," त्यानं हात पुढे केला आणि फोन कानाला लावला. "धर्मू, संध्याकाळी इकडे ये. येताना बसनं येजो. गाडी तू चालवजो."

"काऊन बाबा? तब्येत बरी नाई का?"

"माई बरी आहे. देवाजीचा घसा बसला."

धर्मेंद्र म्हणाला, "येतो बाबा."

फोन परत घेताना देवाजी चिडला होता. "कायले सांगतलं गा? मी नेलं असतं ना तुले परत."

"कसा नेशीन? परतीच्या रस्त्यानं सगळ्या गोष्टी उलट्या सांगा लागतात. डाव्याचं उजवं करा लागते. अन् सुमनले आनखी किती गावं फिरवशीन?"

देवाजीनं खाली पाहिलं. पायानं मातीतला एक खडा उगाच इकडचा तिकडे केला. मंडईच्या बाजूनं दंडारीच्या खेळाचा ढोल सुरू झाला होता आणि माणसांचे लोंढे दोन्ही गल्ल्यांमधून तिकडे चालले होते. रुखमिणी पाण्याचा लोटा घेऊन आली, दोघांनी पाय धुतले. मग देवाजीनं डोमाचं मनगट धरलं.

"इकडून," तो म्हणाला.

डोमा त्याच्या मागोमाग निघाला.