तेरखेड्याला जाऊन आलेली चिप

मी एक जुनी चिप आहे. मोबाईलमधली नव्हे, मित्रांनो. तिचं काम वेगळं, माझं वेगळं. तेरखेड्याच्या शाळेत, विज्ञानाच्या कपाटात, एका डबीत मी राहते. तुमच्या नखाएवढीच आहे, पण माझा तोरा काही कमी नाही.

मला घडवलं मिनाजनं. याच गावात फटाके बनवणाऱ्या खाजामियाँची ही लेक संशोधन करायला पुण्याला गेली. तिनं माझ्यावर अॅल्युमिनियमची अतिबारीक पट्टी बसवली. भयंकर गारठ्यात त्या पट्टीतले इलेक्ट्रॉन जोडीनं फिरतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना तिनं चिमुकले कप्पे ठेवले. एका कप्प्यात एका वेळी एकच मावतो, म्हणून जोडीतला एक डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे. असे दुरावलेले दोघं एकमेकांत गुंतलेलेच राहतात, असं शास्त्र सांगतं. ते पडताळायचं तर आधी माझ्याकडून जोडी फुटायला हवी होती. माझ्यासोबत घडवलेल्या चिपा, माझ्या बहिणी, कुणाच्या तरी बोटातल्या स्थिर विजेनं जळून गेल्या होत्या. मिनाजची सारी भिस्त माझ्या एकटीवर होती.

पुण्यातलं मला गारठवणारं यंत्र दुरुस्तीला निघालं, तेव्हा ती मला अब्बांना दाखवायला घरी घेऊन आली. ती हातपाय धुवायला गेली आणि खाजामियाँनी डबी उचलली. घरामागच्या दारूकामाच्या शेडच्या दाराशी तांब्याची पट्टी जमिनीत गाडलेली असते. तिला हात लावून अंगातली वीज उतरवल्याशिवाय ते कशालाही शिवत नाहीत. तसा त्यांनी आधी तिला हात लावला, मगच डबी उघडली. पण दुसरी सवयही तितकीच पक्की होती. धूळ दिसली की पुसायची. मऊ सुती फडक्यानं त्यांनी मला मायेनं पुसलं, आणि मला यंत्राशी जोडणाऱ्या केसाहून बारीक तारा तटातट तुटल्या. मला रागच आला. माझ्याच तारा होत्या त्या.

मिनाज आली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“धूळ बसली होती, बाय. म्या पुसली,” खाजामियाँ म्हणाले.

“अब्बा, आधी तांब्याला हात लावला होता का तुमी?”

“व्हय. त्याबिगर शिवतो का कधी?”

“मग आतून जळली नसंल. तारा मी परत जोडते.”

खाजामियाँना मात्र ते फार लागलं. लेक निघाली, तेव्हा ते तिच्याकडे बघूही शकले नाहीत.

पुण्यात ती तारा जोडायला बसली. तारा पुन्हा तुटल्या, तिनं पुन्हा जोडल्या. बाकीच्यांनी दुसरी चिप कर म्हणून सांगितलं, पण ती हटली नाही. मग मला गारठ्यात सोडलं, आणि एका दुपारी दोन्ही बाजूंचा विजेचा प्रवाह एकदमच वाढला. जोडी फुटली होती. तिनं आधी तेरखेड्याला फोन लावला.

“अब्बा, झालं काम. जोडी फुटली. तुमच्या हातून चिप मेली न्हाय.”

पलीकडून खाजामियाँनी विचारलं,

“मंग लांब जाऊन बी ते दोघं एकमेकांचे ऱ्हातात का?”

“ते अजून तपासायचंय. वर्षं लागतील.”

“मंग लाग की कामाला. मी येतो बघाया. फडकं आणत न्हाय.”

मित्रांनो, आता माझे कप्पे थकले. पुढचा तपास मिनाज नव्या चिपवर करते आहे, म्हणून तिनं मला या शाळेला दिलं. माझी डबी तुम्ही खुशाल उघडा, फक्त हात लावण्याआधी विचारा. जपता जपताही वस्तू मोडते. तुमच्या माणसाच्या हातून असं काही मोडलं, तर ते पुन्हा चालू झाल्यावर पहिला फोन त्यालाच करा.