दादा, धर!

मी एक जुना ॲडाप्टर आहे, मित्रांनो. भिंतीवरच्या प्लगात खुपसतात तो नव्हे. मी एक प्रथिन आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, आणि एका पेशीत राहतो. ही पेशी एका मास्तरांच्या दंडावरच्या कातडीतली. मास्तरांचे हात थरथरतात, खडू धरवत नाही. कारण सापडावे म्हणून त्यांनी कातडीचा इवलासा तुकडा प्रयोगशाळेला दिला, आणि आम्ही काचेच्या बशीत वाढलो.

देणाऱ्याने मला दोन हात दिले. पेशीत मोडकेतोडके साचले की त्याभोवती एक पिशवी विणली जाते. ती लयकारिकेच्या, म्हणजे पेशीतल्या मोडकळ पचवणाऱ्या कोठीच्या, दारापर्यंत न्यायची. तिथे सगळे विरघळते आणि त्यातूनच नवे घडते. माझा एक हात पिशवीला, दुसरा धाकट्याला. धाकटा म्हणजे लयकारिकेच्या दारात बसणारे एक चिमुकले प्रथिन. शास्त्रज्ञ त्याला जीटीपीएज म्हणतात. त्याची एक खोड आहे. झोपलेला असला की कितीही हलवा, हात देत नाही. जागा झाला की स्वतःच हाक मारतो, "दादा, धर!" मग पिशवी दाराला लागते.

एवढे करूनही मला कोण विचारतो? "हा स्वतः काय करतो? नुसता मध्यस्थ मामा!" असे प्रयोगशाळेच्या मॅडम हसून म्हणायच्या. त्यांच्या हाताखालच्या ताईने मात्र मला हिरवा दिवा लावला आणि धाकट्याला लाल. आम्ही हात धरला की हिरवा-लाल उजेड मिसळून तिला पिवळा ठिपका दिसणार होता. पण पिवळे काही दिसेना. मास्तरांच्या पेशीत हा हातच तुटलाय, असे मॅडमनी ठरवून टाकले. तुटलेल्यावर औषध तरी काय शोधायचे?

पण मित्रांनो, ताई आम्हाला पोटभर खाऊ घालत होती. भरल्या पोटी घर झाडायला कोण उठतो?

एकदा ताई तापाने पडली आणि आमचे अन्न बदलायचे राहून गेले. परत आली ती धापा टाकतच.

"फेक ती बशी," मॅडम म्हणाल्या. "उपाशी पेशी, सांगणार काय कपाळ!"

"मॅडम, मास्तरांची शेवटची बशी आहे हो. एकदा बघू द्या, मग मीच फेकते."

"बघ बाई. हौस फिटू दे."

आत भुकेने एकच धावपळ उडाली होती; आता घरात साचलेले मोडकेच विरघळवून पोट भरायचे होते. जिकडे तिकडे पिशव्या विणल्या जात होत्या. मी एक धरून दाराशी उभा, आणि धाकटा ढाराढूर! वरून सूक्ष्मदर्शकाचा उजेड पडला. मी मनात म्हटले, ऊठ रे बाळा, आज नाही उठलास तर सगळेच कचऱ्यात जाऊ.

तो डोळे चोळत उठला. उशिराच, पण उठला. "दादा, धर!"

"मॅडम, पिवळं! अहो, पिवळं!"

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हात शाबूत आहे गं. जुळायला वेळ लागतोय, एवढंच. त्यावर काहीतरी करता येईल. मास्तरांना बोलावून घे. आणि आधी या मामाला खायला घाल!"

आता मी झिजलो आहे. माझ्याभोवतीच पिशवी विणली जाते आहे. भीती नाही वाटत. माझे तुकडे उद्या कुणाच्या तरी घडणीला लागतील, ही त्या देणाऱ्याचीच कृपा. दारात धाकटा अजून पेंगतोच आहे, आणि एक नवा दादा हात पुढे करून उभा आहे.

तेवढे एक मागणे आहे, मित्रांनो. काही फेकण्याआधी एकदा वाकून बघत जा. आणि कुणाला उठायला उशीर झाला, तर आपला हात मागे घेऊ नका.