लेकीच्या घरचं पाणी

प्रेमराज नानांनी लेकीचं घर लग्नानंतर एकदाही पाहिलं नव्हतं, आणि त्या घराचं वर्णन मात्र अख्ख्या अमळनेरात त्यांच्याइतकं रंगवून कुणाला करता येत नव्हतं. बाजारपेठेत त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. कपाशीचं वाण विचारायला आलेला माणूस बाकावर टेकला, की नाना आधी मोबाइल काढायचे. जळगाव, मेहरूण तलावाची बाजू, तिसरा मजला, बाल्कनी. "बाल्कनीत उभं राहून मान जराशी लांब केली ना, की तलाव दिसतो," हे वाक्य बाकावरच्या मंडळींना इतकं पाठ झालं होतं, की नाना 'बाल्कनी' म्हणाले रे म्हणाले, दोघंतिघं आपापली मान लांब करून दाखवत. नानांना राग यायचा नाही. जळतात बिचारे, असं त्यांना वाटायचं.

घर न पाहण्याचं कारणही ते छाती पुढे काढून सांगत. त्यांच्याकडची जुनी रीत अशी, की नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आता पाणीच प्यायचं नाही तर जायचं कशाला? आपण दारात जाणार, पोरगी तांब्या घेऊन येणार, आपण नको म्हणणार, तिचं तोंड पडणार. त्यापेक्षा नूतननंच माहेरी यावं. ती यायची. मधूनमधून बाल्कनीतला फोटो पाठवायची. नाना तो दुकानात फिरवायचे आणि खुशाल असायचे.

हा फ्लॅट काही जावयाच्या डोक्यातून निघाला नव्हता. तो नानांनी मागून घेतला होता.

नूतनचे सासरे झुलाल एस.टी.त ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. धरणगावला स्वतःचं घर, चार खोल्या, अंगणात कडुनिंब. मुलगा हितेंद्र जळगावला पाइपच्या कंपनीत. सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचा. त्याच घरात लग्नाच्या बैठकीत सगळं जुळत आलं होतं. चहा झाला होता. तेव्हा नानांनी मांडी बदलली आणि म्हणाले, "याही, पोर मनी एम.एस्सी. शे. ती धरणगावले राहनार नही. जळगावले सोताना फ्लॅट जोयजे, भाडाना नही. आनि वस्ती चांगली जोयजे. नहीतर आमले दुसरं ठिकान देखनं पडी."

"आठे काय कमी शे, याही?" झुलालनी विचारलं. भांडणाच्या सुरात नाही, खरंच कळावं म्हणून.

नानांनी त्या घरावरून एक नजर फिरवली आणि नुसते हसले. ते हसू झुलालच्या बायकोनं, दाराआडच्या यशोदाबाईंनीही पाहिलं, आणि त्यांनी चहाच्या कपबश्या खाली मान घालून उचलल्या.

चांगली स्थळं पायानं चालून येत नाहीत, हे झुलाल जाणून होते. निवृत्तीची सगळी पुंजी त्यांनी बिल्डरच्या हवाली केली, उरलेलं कर्ज हितेंद्रच्या नावानं निघालं. लग्नाआधी नानांनी तो रिकामा, रंगाचा वास येणारा फ्लॅट एकदा फिरून पाहिला, बाल्कनीत जाऊन मान लांब केली, आणि तारीख काढायला सांगितली.

लग्नाला दोन वर्षं झाली. नूतन बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. रीत फिटली! आता लेकीच्या घरी जायचं, सोफ्यावर ऐसपैस बसायचं आणि तांब्याभर पाणी प्यायचं. नानांनी सुताराला सांगून सागवानी पाळणा करून घेतला, उभ्या चौकटीचा, पितळी घुंगरांचा. फ्लॅटचा हॉल डोळ्यांसमोर ठेवूनच त्यांनी माप दिलं होतं.

पाळणा पाहून नूतनचा चेहरा उतरला. "नाना, एवढा मोठा कशाला? मी साडीची झोळी बांधेन."

"झोळी? फ्लॅटमध्ये झोळी?" नाना भडकले. "लोक काय म्हणतील?"

आणि पोर सासरी जायचं नावच घेईना. कधी थंडी, कधी अमावास्या, कधी बाळाचं पोट. नानांच्या बायकोनं, ताईबाईंनी, दोनदा सुचवलं, "तिले इचारा तं खरं, काय मनमा शे." पण विचारायला कान उघडे लागतात. नानांचं तोंडच कधी मिटत नव्हतं.

शेवटी हितेंद्रच्या सुटीचा दिवस बघून नानांनी कुणाला न सांगता जीवरामचा छोटा हत्ती टेम्पो केला, मागं पाळणा बांधला आणि जळगाव गाठलं. जावयाला चकित करायचं होतं. वाटेभर जीवरामला त्यांनी बाल्कनी ऐकवली. जीवरामनं स्टिअरिंग धरून मान लांब करून दाखवली.

तिसऱ्या मजल्यावर दारावर पाटी भलत्याच नावाची होती. नानांना वाटलं मजला चुकला. बेल दाबली. एका बाईंनी दार उघडलं.

"हितेंद्र पाटलांचा फ्लॅट...?"

"हाच. पण ते इथं राहत नाहीत, काका. आम्ही भाडेकरू. फ्लॅट झाल्यापासून आम्हीच आहोत. या ना आत, ऊन केवढं आहे."

नाना आत गेले. हॉलमध्ये दुसऱ्याचा सोफा, भिंतीवर दुसऱ्याच्या मुलांचे फोटो. बाईंनी पाणी आणलं. नानांनी पेला हातात घेतला आणि तो नुसता धरून बसले. हे पाणी कुणाच्या घरचं, तेच कळेना.

"ती नूतन फार गोड आहे हो," बाई सांगत होत्या. "भाडं न्यायला यायची ना, तर म्हणायची, ताई, दोन मिनिटं बाल्कनीत उभी राहू? फोटो काढायची आणि जायची. आपल्याच घरात पोर अशी विचारून उभी राहायची, मलाच कसंतरी व्हायचं. बाळंतपणाला माहेरी गेलीय म्हणे. तुम्ही त्यांचे कोण?"

खिशातला मोबाइल नानांना एकदम जड वाटला. सगळे फोटो त्यातच होते. वडील आहे, हे दोन शब्द. ते काही निघेनात.

"मी... पाळणा पोचवायला आलोय," नाना म्हणाले.

"अय्या, दुकानातून आलात होय! मग त्यांच्या खोलीवरच न्या." बाईंनी पत्ता सांगितला. नानांनी पाण्याचा पेला तसाच भरलेला टीपॉयवर ठेवला. जिना उतरताना त्यांना कळलं, की आपण आत्ता आपल्याच पोरीचा बाप म्हणून ओळख दिली नाही. कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

रुळांच्या पलीकडं, चाळीवजा पत्र्याच्या खोल्यांची रांग. हितेंद्र बनियनवर स्टोव्हपुढं बसून खिचडी ढवळत होता. सासऱ्याला दारात बघून आधी तो शर्ट शोधायला धावला. खोलीत एक खाट, एक कपाट, दोरीवर कपडे. खाटेच्या वर आढ्याला नवी कोरी दोरी बांधून ठेवलेली. झोळीसाठी. नानांना ती दिसली आणि त्यांनी नजर वळवली.

जीवरामनं आणि हितेंद्रनं पाळणा उतरवून दारापर्यंत आणला. आडवा केला, तिरपा केला. चौकट दारातून जाईना, आणि गेली असती तरी खाट बाहेर काढावी लागली असती. घुंगरं मात्र प्रत्येक धक्क्याला वाजत राहिली, आणि शेजारपाजारच्या बाया काय आलंय ते बघायला बाहेर आल्या.

"राहू दे," नाना म्हणाले. जीवराम पाळण्यापाशी थांबला. सासरा-जावई आत खाटेवर बसले.

"मामा, नूतननं सांगू नका म्हणून शपथ घातली होती," हितेंद्र खाली बघत म्हणाला. "हप्ता पगाराच्या बाहेर जातो. भाडं येतं म्हणून निभतंय. पगार वाढला की जाऊ राहायला तिकडं."

"अरे, मग धरणगावला राहायचं! स्वतःचं घर आहे, गाडी आहे. या पत्र्याखाली माझी पोर कशाला ठेवलीस?"

हितेंद्रनं वर पाहिलं. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "तुम्हीच म्हणाला होतात ना मामा, पोर जळगावलाच राहील. म्हणून तर जळगावला राहतोय."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर नानांना रागावता तरी आलं असतं. त्यांचा घसा कोरडा पडला होता. कोपऱ्यात माठ होता, पण हितेंद्रनं पाणी विचारलं नाही. सासऱ्यांची रीत तो पाळत होता, आणि रीत फिटली हे सांगायला नानांना तोंड नव्हतं. फ्लॅट मागितला तेव्हा एवढं साधं कसं सुचलं नाही, असं त्यांच्या मनात येत राहिलं. ज्या घरात आपण पाणीसुद्धा पिणार नव्हतो, ते घर आपण दुसऱ्याला आयुष्याची कमाई घालून घ्यायला लावलं.

पाळणा पुन्हा टेम्पोत चढला. परतीच्या वाटेवर धरणगाव आलं तेव्हा नाना म्हणाले, "जीवराम, आत घे."

झुलाल कडुनिंबाखाली बसले होते. व्याही आले, मागं पाळणा, तोंड काळवंडलेलं. त्यांना काय ते कळलं, म्हणजे त्यांना वाटलं की कळलं. ते उठले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि चक्क हात जोडले. मुलाकडचा माणूस, मुलीच्या बापापुढं.

"याही, मनले लाई लेऊ नका. चूक आमनी शे. तुमना शब्द आमनाघाई पाळाई नही गया. एक वरीस द्या, भाडेकरूले काढी टाकसूत. पन पोरले आनि नातले धाडा. इतली इनंती शे."

दारात यशोदाबाई उभ्या होत्या, डोळ्यांना पदर लावून.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते नानांना त्या अंगणात उमगलं. ते माफी मागायला आले होते, आणि हा माणूस त्यांचीच माफी मागत होता. त्यांनी झुलालचे जोडलेले हात धरले.

"टोपी घाला, झुलालभाऊ. हात तं मी जोडाले जोयजेत. तुम्ही इचारं व्हतं, आठे काय कमी शे. मी हासनू. माले माफ करा. पाळना आठेच राही. फ्लॅट ठेवा, इका, तुमनी मरजी. मनी पोर ह्या घरमा नांदी."

झुलालनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग त्यांनी अवघडून विचारलं, "आनि अमळनेरले काय सांगशात?"

"याहीन," नाना दाराकडे बघून म्हणाले, "पानी द्या माले."

यशोदाबाई गोंधळल्या. तांब्याकडे गेलेला हात थांबला. "तुम्ही तं..."

"द्या. आंडेरना घरनं पानी शे."

लेकीच्या घरचं ते पाणी नाना उभ्यानंच प्याले, सगळा तांब्या, शर्टावर सांडत.

संध्याकाळी दुकानासमोर टेम्पो थांबला तेव्हा बाक भरलेला होता. पाळणा जागेवर नसल्याचं बघून ताईबाईंनी ओळखलं होतं, आणि त्यांच्या तोंडून नाना जळगावला गेल्याची बातमी फुटली होती. "या नाना! पानी पिधं का नही?" एकानं विचारलं. "पाळना हॉलमा लाया का बाल्कनीमा?" दुसऱ्यानं मान लांब केली. जीवराम टेम्पोतून उतरलाच नाही. तो समोरच्या काचेतून बघत बसला.

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. जीवराम बोलला नसता. नाना दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "फ्लॅटमा दुसरा लोके राहतस. मनी पोर दोन वरीस पत्राना खोलीमा राहिनी. मन्ही बडाईमुये. पाळना धरनगावले ठेवी उनू. आते ती तठेच राही."

कुणी हसलं नाही. मान लांब केलेल्यानं ती हळूच आत घेतली. एक जण उगाच तणनाशकाचा भाव विचारून उठून गेला.

दुकानाच्या मागंच घर. मधल्या दारात नूतन बाळाला घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नानांना वाटलं, पोर सुटली म्हणून हलकी झाली असेल. ती रडत होती.

"चारचौघांत कशाला सांगितलंत, नाना?" ती म्हणाली. "आम्ही दोन वर्षं तुमचं नाक सांभाळलं. धरणगावच्या बाबांनी, यांनी, मी. तुम्ही एका मिनिटात..." तिला पुढं बोलवेना.

नानांनी नातीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं, ते नीटच होतं. मग विचारलं, "त्या बाई म्हणत होत्या, तू बाल्कनीत उभी राहायचीस. काय बघायचीस गं?"

"काही नाही," नूतन डोळे पुसत म्हणाली. "तुम्हाला फोटोत तलाव दिसायला हवा असायचा ना. हात बाहेर काढून, मान लांब करून काढायला लागायचा तो."

नानांनी मान खाली घातली. बाहेर दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, आणि त्यांना जाववत नव्हतं.