जादा पडलेला 'क'

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो आपल्या गेलेल्या माणसाचा फोटो छातीशी धरून बसला होता. व्यासपीठावर बाबा कागद जाळत, त्याची राख हातावर चोळत, आणि कातडीवर काळी अक्षरं उमटत. मेलेल्यांचा निरोप! लोक हुंदके देत होते.

"टपाल वरचं आहे, लेकरांनो," बाबा म्हणत. "आम्ही नुसते पोस्टमन!"

मुद्रितशोधक शेवटच्या रांगेत अंग चोरून बसला होता. तीस वर्षं वर्तमानपत्रातल्या चुका काढणाऱ्या या माणसाचा असल्या थोतांडावर काडीचा विश्वास नव्हता. पण बायको जाऊन दोन महिने झाले होते, घास घशाखाली उतरत नव्हता, आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, आठवड्यापूर्वीच नाव नोंदवून त्याला जवळजवळ ओढत आणलं होतं.

त्याची पाळी आली. राख चोळली गेली. शब्द उमटला: 'शिकवण'.

"बाई म्हणतात, माझी शिकवण घरोघर पोचली. मी तृप्त आहे."

ताईने हात जोडले. खरंच असेल तर? क्षणभर त्यालाही तसं वाटलं. मग तो शब्द त्याने पुन्हा वाचला.

"काय शिकवायची ती?"

"अक्षरं! लहान मुलांना!" बाबांनी ठोकून दिलं.

"ती कपडे शिवायची. तिची शिवण घरोघर पोचली, असं मी निधनाच्या बातमीत लिहिलं होतं. छापताना 'शिवण'ची 'शिकवण' झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि तिची बातमी तपासताना डोळे भरून आले, तेवढी एक निसटली." तो बाबांकडे वळला. "ती चूक फक्त पेपरात आहे. तिला कशी ठाऊक असेल?"

बाबा लगबगीने उठले. त्याने त्यांचा दुसरा हात पकडला, बाही वर सारली आणि ताटलीतली राख फासली. पुढचं टपाल तयारच होतं: 'आई, मी इथेच आहे.'

"ओला साबण," बोट हुंगून तो म्हणाला. "आधी साबणाने लिहून ठेवायचं, राख तेवढ्यालाच चिकटते. आणि नोंदवलेली नावं घेऊन जुने पेपर चाळायचे. झालं!"

त्याने पुसायला रुमाल काढला, तोच पहिल्या रांगेतून एक बाई धावत आली. तिची सहा वर्षांची मुलगी गेल्या महिन्यात गेली होती. तिने बाबांचा तो हात घट्ट धरला.

"पुसू नका हो. राहू द्या."

त्याचा रुमाल हातातच राहिला. तिने ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग हळूच म्हणाली, "माझी पोर मला आई म्हणायचीच नाही. ममू म्हणायची."

तिने हात सोडला. बाबांनी मागचं दार गाठलं.

मुद्रितशोधक लोकांकडे वळला. "आपलं माणूस आपल्याइतकं कुणाला ठाऊक असतं? मग त्याचा निरोप परक्याच्या हातावर का शोधायचा? प्रश्न विचारत जा. दुःखात तर जास्तच विचारा, कारण लुबाडणारा तेव्हाच गाठतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो त्या बाईशेजारी खालीच बसला.

"ममू का म्हणायची हो?"

ती सांगू लागली. मागच्या रांगांतली माणसं एकेक करून जवळ आली आणि ऐकत उभी राहिली.