रघूचा रिकामा रकाना

“कमळा, नेम देवापुढे धरलास की हापिसातही पाळायचा,” असं आई सांगायची. म्हणून यंदा आषाढीला चार महिने खोटं न बोलण्याचा नेम धरताना मी जरा घाबरलेच होते. कॉलेजच्या कचेरीत टायपिस्ट आहे मी.

श्रावणात विद्यापीठाचा तक्ता आला. मागच्या तीन वर्षांचे पदवीधर सध्या काय करतात, ते कळवायचं होतं. आम्ही घरोघरी उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली जोडकार्डं धाडली. उत्तरं बहुतेक बापांनीच लिहिली. ‘मुलगा कलमांना शेणखत घालतो.’ प्राचार्य म्हणाले, “लिहा, फलोद्यान.” ‘बोटीवर जायचं म्हणतो, दोन वर्षं झाली.’ “नौकानयन.” ‘झोपलाय. उठला की विचारून कळवतो.’ यावर सर जरा थांबले. “स्वयंरोजगार.”

मी प्रत्येक ठिकाणी ‘प्राचार्यांच्या मते’ असं जोडत गेले. नेमाला तेवढी वाट होती.

मग सावर्ड्याहून रघूच्या आईचं, येसूबाईचं कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. ‘आमचा रघू तुमच्याच हापिसात कामाला आहे, मग विचारता कशाला? त्याला वेळेवर जेवायला सांगा. या नोकरीवर मुलगी पक्की केलीय, दिवाळीनंतर बार उडवायचा.’

रघू बी. ए. होऊन वर्ष झालं होतं. रोज आमच्या वाचनालयात बसून पेपरातल्या जाहिराती वाचायचा.

सर खूश झाले. “शिक्षणक्षेत्र. लिहा.”

“सर, तो आपल्याकडे नाही.”

“त्याच्या आईपेक्षा तुम्हाला जास्त माहीत?”

“माझा नेम आहे, सर.”

“नेम तोंडाचा ना? हे तर बोटांनी टायपायचंय.”

आलेल्या कार्डांपैकी मी तो रकाना तेवढा रिकामा ठेवला. तीन दिवस सर येता-जाता मशीनकडे बघत होते. तक्ता पाठवायची तारीख आली तेव्हा म्हणाले, “बरं, ठेवा त्याला कामावर. पंधरा दिवस. ज्यांची कार्डं आली नाहीत त्यांच्या घरी जाऊन विचारून येईल, त्यांची पुरवणी मागाहून धाडू.”

असा रघू नोकरीला लागला. आपले सोबती नोकरीला लागले का, हे बघण्याच्या. मी ‘शिक्षणक्षेत्र’ टाइप केलं, पुढे ‘पंधरा दिवस’ही. सरांनी पुढचं न वाचता सही केली.

संध्याकाळी रघूला कार्ड दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं.

“माझा नेम टिकला, बाबा. पण त्या मुलीच्या माणसांना काय सांगणार?”

“पंधरा दिवसांत काहीतरी होईल, ताई.”

“आणि नाही झालं तर?”

त्यानं कार्ड परत माझ्यापुढे ठेवलं. “शनिवारी घरी जाऊन आईला खरं सांगतो. शब्द देतो.”

“तिच्या हातचं जेवून मग सांग.”

शनिवारी दुपारी कचेरी सुटली. रघूनं कार्डांचा गठ्ठा नीट बांधून कपाटात ठेवला, आईचं कार्ड मागून घेऊन खिशात घातलं, आणि छत्री उघडून एस.टी. स्टँडच्या वाटेला लागला.